हृदय दुरुस्त, मूत्रपिंड बेवारस

लोहारा तालुक्यातील माकणी महाराष्ट्राला माहीत आहे ती निम्न तेरणा धरणामुळे. या पंचक्रोशीत हृदयाला छिद्र असलेले मूल जन्मले, तर आईबापांना आता नशिबाला बोल लावत बसावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुले तपासावीत, अशी व्यवस्था आहे. लोकांच्या तोंडी अजूनही ‘जीवनदायी’ असलेली महात्मा फुले योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, आणि खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात तर पैसे भरण्याची खिडकीच नाही. याचे श्रेय द्यायलाच हवे. आमचा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या शांततेला.

अशा अनेक शस्त्रक्रियांत हृदय काही काळ थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात. त्या वेळी आणि नंतरही मूत्रपिंडाला रक्त कमी पडू शकते, तांबड्या पेशी फुटतात, अंगभर दाह उठतो. लघवी मंदावते, बाळ सुजते. मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसायला एखाद-दुसरा दिवस जातो. त्याआधी बोलते ती लघवीची पिशवी, म्हणून जाणती परिचारिका तासातासाला तिच्याकडेच पाहते. बहुतेक मुले औषधांवर सावरतात. थोड्यांना, विशेषतः तान्ह्यांना, डायलिसिस लागते.

पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम 400 मिलिलिटर. मोठ्यांच्या यंत्राला ते जोडले, तर त्यातला मोठा वाटा नळ्यांतच अडकतो. म्हणून पोटात मऊ नळी घालून साखरेचे द्रावण थोडे थोडे सोडतात, काही वेळ ठेवतात आणि काढून घेतात. पोटाच्या आतले पातळ अस्तरच गाळणीचे काम करते. रक्तदाब डळमळीत असलेल्या बाळाला हे सोसते, आणि महागडे यंत्रही लागत नाही. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये जाहीर झाला तो जिल्हा रुग्णालयांतील रक्ताच्या डायलिसिसचा. पोटातल्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना यायला 2019 उजाडले. पोटातल्या नळीच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे!

लघवी पुन्हा सुरू झाली, नळी निघाली, मूल घरी आले की सरकारी कागदावर प्रकरण मिटते. मूत्रपिंडाला मात्र ते मिटलेले नसते. अशा काही मुलांचा रक्तदाब पुढे वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि वरून काहीच दिसत नाही. तीव्र इजेनंतर तीन महिन्यांनी मूत्रपिंड तपासावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2012 पासून सांगत आहेत. गावात मात्र त्याच मुलाला ताप आला की मेडिकलमधून वेदनाशामकाचे सिरप येते. निमेसुलाइडवर 12 वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे. आयब्युप्रोफेन मिळते, आणि दुखावलेल्या मूत्रपिंडाला, त्यातही जुलाब-उलट्यांत, तेही घातक ठरू शकते. हे आईला कोणी सांगायचे? डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते.

उपाय महागडा नाही. ‘या मुलाच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती’ हे वाक्य कार्डावर मराठीत लिहा. त्याचे नाव बाल स्वास्थ्य पथकाकडे आणि आशाताईकडे पोचवा. मुलांच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवा. क्रिएटिनिनसाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. माकणीच्या मुलासाठी 1993 च्या भूकंपानंतर सास्तूरला उभे राहिलेले ‘स्पर्श’ रुग्णालय जवळ आहे. तिथे रक्त घ्या आणि अहवाल शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना पाठवा.

कुटुंबे पुढच्या तपासणीला फिरकत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार आम्हाला मान्य आहे. पण मुंबईची एक खेप म्हणजे आईबापांचा दोन-तीन दिवसांचा रोज बुडतो. तेव्हा योजनेच्या रकमेचा शेवटचा हप्ता तीन महिन्यांच्या या तपासणीला बांधावा, म्हणजे मुलाला शोधण्याची जबाबदारी रुग्णालयावर येईल. त्यासाठी नवा कायदा नको. आरोग्य खात्याचा एक शासन निर्णय पुरेल.