मतदानानंतरचा नागरिक

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेनुसार ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक व्हावयास हवी होती. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात ती जवळजवळ चार वर्षे रखडली व जानेवारी २०२६ मध्ये पार पडली. दरम्यान २०२५-२६ चा ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मतावाचून, प्रशासकाच्या हातून संमत झाला. काही मंडळी न्यायालयात झगडत राहिली हे खरे. तथापि सामान्य सुशिक्षित माणूस या प्रकाराने फारसा अस्वस्थ झालेला दिसला नाही.

या वर्गाला बातम्यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. सकाळी वृत्तपत्र, दिवसभर मोबाइल, रात्री दूरचित्रवाणी असा मारा चालूच असतो. पण दिल्ली-वॉशिंग्टनच्या घडामोडींवर कचेरीत तावातावाने बोलणाऱ्याला आपल्या प्रभागातील रस्त्यांसाठी किती तरतूद झाली, हे सांगता येत नाही. ज्या बातमीतून कोणतीच कृती संभवत नाही, ती रोज वाचली तरी करमणुकीपलीकडे जात नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावाने वेगळी सवय लावून घेतली. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते; आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसून कायदा समजावून घेतो, प्रश्नाची उलटसुलट चर्चा करतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला, तेव्हा तो वापरण्याची तयारी गावापाशी होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. पुढे वन खात्याने बांबूच्या वाहतुकीचे परवाने अडवून धरले, तेव्हा गावाने नेट न सोडता २०११ मध्ये तेही मिळविले. ही चिकाटी एका दिवसाच्या उत्साहातून आलेली नव्हती.

शहरातील शिक्षक, कारकून वा विद्यार्थी यांना हा मार्ग बंद नाही. पालिकेचा अर्थसंकल्प प्रसिद्ध होतो. त्यातील आपल्या भागापुरता मजकूर रोज थोडा वाचता येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्काच्या अर्जाला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. चार शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बसून एकच प्रश्न हाती घ्यावा आणि तो सुटेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये, एवढी शिस्तही पुष्कळ आहे. सेवानियमांचा धाक येथे अनाठायी होय. हे नियम सरकारी नोकराला पक्षकार्यापासून दूर ठेवतात. नागरिक म्हणून माहिती मागण्याची किंवा मत देण्याची त्याला मनाई करीत नाहीत.

मुंबईला आता नगरसेवक मिळाले आहेत. मात्र मतदार बोटावरची शाई वाळताच घरी परतला, तर निवडून आलेली सभा आणि प्रशासकाची राजवट यांतील अंतर फार उरणार नाही.