साहित्याचा तास आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. उत्तरे देणाऱ्या भिक्षूचे नाव भूमीला लाभले; विद्येच्या वास्तूला मात्र प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. या नावांचा गौरव आपण व्यासपीठांवरून पुष्कळ केला. वर्गात मात्र त्यांचा अर्थ फारसा उतरला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंगापूर तालुक्यातील मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन कला शाखेला जाते, तेव्हा साहित्याच्या तासाला तिच्या वाट्याला बहुधा कवीचा परिचय, कवितेचा सारांश आणि परीक्षेचे संभाव्य प्रश्न एवढेच येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चर्चा आणि संवाद यांवर भर दिल्यापासून विद्यार्थ्यांनी स्वतः तास चालवावा, असा विचार महाविद्यालयांत बोलला जाऊ लागला आहे. विचार उत्तम आहे. परंतु गाइडमधील दोन पाने फळ्यापाशी उभे राहून वाचायची आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण घेऊन खाली बसायचे, यास चर्चा म्हणता येणार नाही. त्यात गुरुजींच्या जागी फक्त एक घाबरलेला विद्यार्थी उभा असतो.

चर्चा कशी असावी, याचे उत्तर ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथाच्या आरंभीच आहे. राजा संवादाची इच्छा प्रकट करतो, तेव्हा भदंत नागसेन एक अट घालतात : पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे असेल तर नाही. पंडितांच्या वादात गाठी बांधल्या जातात, सोडविल्या जातात, दोष दाखविले जातात, मान्यही केले जातात. पण कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद ही अट स्वीकारतो. एवढेच नव्हे, तर भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातील सेवकाशी बोलावे तितक्या मोकळेपणाने आपल्याशी बोलावे, असे तो सांगतो.

आजच्या वर्गात राजा कोण, हे वेगळे सांगावयास नको. ज्याच्या हाती गुण आहेत तो. प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसावे, हे ठीकच. पण विद्यार्थ्याने त्यांच्या आवडत्या कवीविषयी प्रतिकूल मत मांडले म्हणून त्याचे गुण घटणार असतील, तर बाक बदलून काय साधणार? गुण मताला नसावेत; मूळ पाठ वाचला आहे का आणि प्रश्न पाठातून निघाला आहे का, यालाच असावेत. चर्चा चालविणाऱ्याने उत्तरे घेऊन येऊ नये, दोन-तीन खरे प्रश्न घेऊन यावे. वस्तुस्थितीची चूक झाली तर प्राध्यापकांनी शेवटी ती अवश्य सुधारावी. या पद्धतीत त्यांचे काम कमी होत नाही, उलट वाढते. तयारी न करता वर्ग सोपवून देणे हा निव्वळ आळस होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. ‘बलुतं’ किंवा ‘अक्करमाशी’ शिकविण्याचा दिवस आला की आपल्या मुलाला आग्रहाने पुढे बोलावले जाते. केशवसुत, मर्ढेकर किंवा शेक्सपिअर असला की तो श्रोता. हा सन्मान वाटतो, पण ही एका कोपऱ्यात केलेली नेमणूक आहे. त्याच्याकडून वाङ्मयाचे विवेचन नको असते, घरची साक्ष हवी असते. आमच्या मुलीने शेक्सपिअरच्या नाटकावर चर्चा चालवावी आणि ‘बलुतं’वर ज्याच्या घरी तो अनुभव नाही अशा विद्यार्थ्याने, तेव्हाच दोघांनाही पुस्तक नीट वाचावे लागेल.

नागसेनवनाने हे कधीच ओळखले होते. अमेरिकेत शिकून आलेल्या प्राचार्य म. ना. वानखडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे लक्ष वेधले, ते दलित साहित्याला जगाच्या साहित्याशेजारी बसविण्यासाठी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली वाढले. नव्या लेखकाने लिहावे आणि त्यावर खुली चर्चा व्हावी, अशी जागा त्यामुळे निर्माण झाली. तिथे ऐकणारे आणि बोलणारे असे दोन वर्ग नव्हते.

भाषेचाही प्रश्न आहे. घरची बोली तोंडात असलेला विद्यार्थी ‘शुद्ध’ बोलता येणार नाही म्हणून गप्प बसतो. चर्चेत बोली चालली पाहिजे. लेखनात प्रमाणभाषा शिकता येते, मौनातून काहीच शिकता येत नाही. वाळूजच्या कारखान्यांत पाळी करून शिकणारे विद्यार्थी या तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी पाठ आणि चर्चेची तारीख निदान आठवडाभर आधी कळली पाहिजे.

महाविद्यालयात जाऊन हे एकदम जमत नाही. निवासी शाळेला त्यासाठी मोठी अनुकूलता आहे, कारण आपल्याकडे संध्याकाळ आहे. वंदना आणि भोजन यांनंतर आठवड्यातून एक दिवस नववी-दहावीच्या एका विद्यार्थ्याने एका कथेवर चर्चा चालवावी आणि अधीक्षकांनी मुलांत बसून ऐकावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा यावे, व्याख्यान देण्यासाठी नव्हे, त्या चर्चेत एक म्हणून. अडचण येईल ती पुस्तकांची. आपल्या ग्रंथालयांत बहुतेक पुस्तकाची एकच प्रत असते आणि एका प्रतीवर वीस मुलांची चर्चा होत नाही. माजी विद्यार्थी शाळेला पंखे देतात, पाण्याच्या टाक्या देतात, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. या वर्षी कोणा एका तुकडीने एकाच कथासंग्रहाच्या वीस प्रती द्याव्यात. कोणता संग्रह, हे मुलांना विचारून ठरवावे.