तेलाला कल्हई

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच मॉलला जाऊ शकतील :-) मत असं, की यंत्रातलं हायड्रॉलिक तेल खराब झालं की ते ओतून नवीन भरणं हा बहुतेक वेळा आळशीपणा असतो. तेल बहुधा मेलेलं नसतं, मळलेलं असतं. जागेवरच धुऊन घेतलं तर पुन्हा चालतं. हे विमानालाही लागू आहे आणि आमच्या भाईंदरच्या पातेल्याच्या प्रेसलाही.

मेकॅनिकलची डिग्री घ्यायची आणि आयटीत जाऊन कोड लिहायचा ही आपल्याकडची जुनी परंपरा. मीही त्याच दिंडीतला वारकरी. पण डिग्रीतलं थोडंफार डोक्यात शिल्लक राहतंच, आणि शनिवारी दुपारी ते वर येतं.

आधी विमानाबद्दल. विमानाचे फ्लॅप, चाकं, ब्रेक, रडर हे सगळं हलवायला लागणारी ताकद बहुतेक मोठ्या विमानांत एका द्रवातून जाते. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण 30 पीएसआय दाब असतो. एअरबस ए320 च्या हायड्रॉलिक नळ्यांत असतो 3000. म्हणजे शंभर पट. बोइंग 787 मध्ये 5000. या द्रवाची किंमत काय असते ते 19 जुलै 1989 ला अमेरिकेत कळलं. युनायटेडच्या फ्लाइट 232 चं शेपटीतलं इंजिन फुटलं, तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या आणि द्रव वाहून गेला. वैमानिकांच्या हातात उरले फक्त दोन इंजिनांचे थ्रॉटल. तेवढ्यावर त्यांनी विमान सू सिटीपर्यंत आणलं. 296 जणांपैकी 184 वाचले. इंजिनाबद्दल आपण खूप बोलतो, या द्रवाबद्दल कोणी बोलत नाही. असो.

प्रवासी विमानात हा द्रव साधं खनिज तेल नसतो. तो असतो फॉस्फेट एस्टर. स्कायड्रॉल हे त्यातलं प्रसिद्ध नाव. रंग जांभळा, सहजी पेट न घेणारा, म्हणून निवडलेला. पण स्वभाव वाईट. कातडीला झोंबतो, डोळ्यांत गेला तर विचारू नका, रंगाचे पोपडे काढतो. आणि हवेतलं पाणी शोषून घेतो. पाणी आत गेलं की एस्टरचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देतं. आपल्या भाषेत, एका बगमुळे दुसरा बग, दुसऱ्यामुळे पहिला अजून मोठा. म्हणून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात आणि पाणी, आम्लता, क्लोरीन, कण असं सगळं मोजतात. पाण्याची मर्यादा साधारण 0.8 टक्के असते.

नमुना नापास झाला तर? रूढ उपाय एकच: काढा आणि नवीन भरा. ऐकायला हे स्वच्छ वाटतं, पण इथेच गंमत आहे. टाकी रिकामी केली तरी नळ्यांत, सिलिंडरांत, व्हॉल्व्हांत जुना द्रव बसलेलाच असतो. म्हणजे तुम्ही द्रव बदलत नाही, पातळ करत असता. समजा एका वेळी निम्मा द्रव बाहेर आला, तर घाण निम्मी झाली. पुन्हा केलं तर पाव. पुन्हा केलं तर एक-अष्टमांश. तोवर बाहेर काढलेल्या द्रवाची पिंपं रांगेत उभी राहिली. आणि फॉस्फेट एस्टर खनिज तेलाच्या पिंपात मिसळून चालत नाही, त्याची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.

दुसरा रस्ता डायलिसिसचा. किडनी बिघडली म्हणून डॉक्टर सगळं रक्त बदलत नाहीत, तेच रक्त बाहेर आणून, गाळून परत आत सोडतात. या धंद्यातले लोकही अशा जोडणीला किडनी लूपच म्हणतात. विमान जमिनीवर उभं असताना त्याला दाब पुरवणारी एक गाडी बाहेरून जोडलेली असते. त्या गाडीलाच प्युरिफायर जोडायचा. मग फ्लॅप वरखाली करत, जॅकवर घेतलेल्या विमानाची चाकं आतबाहेर करत कोपऱ्यातला द्रवही फिरवायचा. तो बाहेर येतो, साफ होतो, परत जातो. अमेरिकेच्या नौदलात आणि हवाई दलात चाकांवरचे असे प्युरिफायर वापरले गेले आहेत. म्हणजे ही माझी शनिवारची कल्पनाशक्ती नाही.

साफ होतो म्हणजे काय होतं? कण बारीक फिल्टरमध्ये अडकतात. पण विरघळलेलं पाणी साध्या फिल्टरला सापडत नाही. त्यासाठी निर्वात. महाबळेश्वरला पाणी शंभरच्या आधीच उकळतं हे शाळेत शिकलोय आपण, कारण तिथे हवेचा दाब कमी. तोच दाब एका बंद टाकीत दहावा हिस्सा केला तर पाणी साधारण 46 अंशांनाच उकळतं. तेल कोमट करायचं, पातळ थराने त्या टाकीत सोडायचं. पाण्याची वाफ पंप ओढून घेतो, तेल तळाशी राहतं. आम्ल मात्र असं निघत नाही, त्याला वेगळा गाळणीचा थर लागतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या टर्बाईनमध्येही फॉस्फेट एस्टर वापरतात आणि तिथे त्यातलं आम्ल शोषायला वर्षानुवर्षं वापरली गेलेली वस्तू कुठली? मुलतानी माती! आजीच्या फेसपॅकवाली.

आता विमानतळावरून घरी येऊ. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत हे मीरा-भाईंदरच्या बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. तुमच्या ओट्यावरचा डबा तिथूनच आला असण्याची शक्यता चांगली आहे. माझा मामा अशाच एका गाळ्यात हायड्रॉलिक प्रेसवर काम करतो. पत्र्याची चकती ठेवायची, प्रेस खाली, पातेलं तयार. शेजारी बफिंग चालू, त्याची धूळ हवेत. तेलाच्या टाकीचं झाकण अर्धवट लागलेलं. जुलै महिना, आपल्याकडची खाडीकाठची हवा, आणि टाकीची पातळी खालीवर होताना ती दर वेळी तीच दमट हवा आत ओढते. तेल ताकासारखं दिसायला लागतं. मग एक दिवस व्हॉल्व्ह अडकतो. शेठ म्हणतो, "ऑइल बदला." मामा म्हणतो, "बदलून काय होणार शेठ, दिवाळीला परत हेच." पण ऐकतो कोण. बादलीने जुनं काढलं, त्याच बादलीने नवीन भरलं. आणि दिवाळीला परत तेच. मध्ये दोन दिवस प्रेस बंद, म्हणजे पीसवर पैसे मिळणाऱ्या माणसाचे दोन दिवस बुडाले.

मामाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यामागे आकडे आहेत. आयएसओ 4406 नावाचं एक मोजमाप आहे. एका मिलिलिटर तेलात किती कण, त्याला एक नंबर. आणि आपल्या जमातीला आवडेल अशी गोष्ट म्हणजे नंबर एकाने वाढला की कण दुप्पट. सरळ दोनाचे घात! 18 नंबर म्हणजे 1300 ते 2500 कण, 21 म्हणजे 10 हजार ते 20 हजार. बॅरलमधून आलेलं कोरं तेल बरेचदा चांगल्या व्हॉल्व्हला चालेल इतकं स्वच्छ नसतंच. "नवीन" आणि "स्वच्छ" हे दोन वेगळे शब्द आहेत. नाजूक सर्व्हो व्हॉल्व्हमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते आणि नुसत्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. त्यामुळे "बघा, किती स्वच्छ दिसतंय" याला काडीची किंमत नाही. नीट गाळलेलं जुनं तेल कोऱ्या तेलापेक्षा स्वच्छ असू शकतं.

समजा प्रेसच्या टाकीत 400 लिटर तेल आहे आणि लिटरला 150 रुपये धरले. एका बदलाचे 60 हजार. वर्षातून दोनदा केलं तर हिशोब तुम्हीच करा. पण मला पैशापेक्षा दुसरा प्रश्न जास्त छळतो. ते काढलेलं 400 लिटर जातं कुठे? 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा. 1 एप्रिल 2024 पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली. कागदावर सगळं उत्तम. पण छोट्या गाळ्यासमोर रोख पैसे घेऊन उभा राहतो तो भंगारवाला. त्याच्याकडून तेल कुठल्या तरी भट्टीत जळायला जातं, किंवा बांधकामावर शटरिंगच्या प्लेटांना फासायला. आणि जे सांडतं ते गटारात, गटारातून खाडीत. वसईच्या खाडीवर आणि समुद्रावर आजही इथल्या कोळ्यांची पोटं आहेत.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खोटी नाही. एक, प्रत्येक तेल धुऊन सुधारत नाही. त्यातली मिसळद्रव्यं संपली असतील, घट्टपणा बदलला असेल, आम्लता हाताबाहेर गेली असेल तर ते काढूनच टाकावं लागतं. दोन, चाचणी न करता नुसता फिल्टर फिरवणं म्हणजे ताप न मोजता क्रोसिन देणं. तीन, विमानात मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये जे नाही आणि डीजीसीएला जे मंजूर नाही ते करायचंच नाही, आणि हे योग्यच आहे. कोणी मेकॅनिकने उत्साहाने परस्पर प्युरिफायर जोडावा असं मी अजिबात म्हणत नाही. माझं म्हणणं मॅन्युअल लिहिणाऱ्यांना आणि मंजुरी देणाऱ्यांना आहे. निकष एकच ठेवा: द्रव नवीन आहे का हे विचारू नका, चाचणीत पास आहे का ते विचारा. नागपूरला मिहानमध्ये 2015 साली विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र सुरू झालं, नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये 1964 पासून लढाऊ विमानांचं काम चालतं. विमानदुरुस्तीचा धंदा महाराष्ट्रात वाढावा असं आपल्याला वाटत असेल, तर तो पिंपं भरून कचरा बाहेर काढणारा धंदा असू नये.

आणि भाईंदरच्या गाळेवाल्यांना? एका छोट्या शेठला व्हॅक्यूमवालं यंत्र परवडणार नाही, मान्य. पण एका इंडस्ट्रियल इस्टेटला मिळून परवडेल. एका टेम्पोवर फिल्टर, व्हॅक्यूम टाकी आणि चाचणीचं साधं किट. आज या गाळ्यात, उद्या त्या गाळ्यात. आपल्याकडे हे होतंच की! कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, नवसागर आणि कथील फिरवायचा, आणि पितळेचं पातेलं पुन्हा चकचकीत. पातेलं काळं झालं म्हणून कोणी फेकत नव्हतं. स्टीलच्या भांड्यांनी त्या कल्हईवाल्याचा धंदा बसवला. आता स्टीलची भांडी बनवणाऱ्यांनाच तेलासाठी एक कल्हईवाला हवाय.

तोवर फुकटात करण्यासारखंही बरंच आहे. टाकीचं झाकण लावा. हवा आत जाते तिथे सिलिका जेलचा ब्रीदर बसवा, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते तेच हे. कोरं तेल बादलीने नाही, फिल्टरमधून भरा. पाण्याचा संशय आला तर जाणकार माणूस गरम पत्र्यावर तेलाचा एक थेंब टाकून बघतो. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध, आम्ही लॅपटॉपवाले. तर मीरा रोडच्या नव्या टॉवरांमध्ये गाड्या एकावर एक चढवणारं पार्किंग असतं, त्यातलं बरंचसं हायड्रॉलिक. पॉवर पॅक, टाकी, तेल, सगळं तेच. त्याचं वार्षिक कंत्राट असतं आणि त्यात बहुधा एक ओळ असते, "ऑइल चेंज". पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये, पाण्याची आणि पाहुण्यांच्या पार्किंगची भांडणं संपली की, दोनच प्रश्न विचारा. बदलण्याआधी तेल तपासलं होतं का? आणि काढलेलं तेल कोणाला दिलं, त्याची पावती कुठे आहे?

उत्तर आलं तर मला नक्की कळवा. कोणी उत्तरच दिलं नाही तर तेही कळवा.