आधी दाब मोजा, मगच हेड उघडा

आम्ही कापडवाले. इंजिनाशी आमचा संबंध माल वेळेवर पोचण्यापुरता. पण पनवेलचा धंदा चाकांवर चालतो. भिवंडीचा माल इथे उतरतो, पुढे पेण-अलिबागला नाहीतर घाट चढून पुण्याला जातो. गाडी गॅरेजात अडकली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

मारुती ८०० ला टायमिंग बेल्ट होता. त्याच कंपनीच्या के-सिरीज इंजिनांना चेन आहे. चेन सैल होऊन खडखडू लागली की बदलावी लागते. बदलल्यावर कधी गाडी ओढत नाही, कॉम्प्रेशन कमी भरते, आणि लगेच फर्मान निघते : रिंगा गेल्या, हेड उतरवा! या घाईला आमचा विरोध आहे.

रिंगा एका दुपारीत झिजत नाहीत. कामाआधी गाडी नीट चालत असेल तर पहिला संशय शेवटच्या कामावर घ्यावा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा, हा हिशोब एक-दोन दातांनी जरी चुकला तरी वाल्वची वेळ बिघडते. इनलेट वाल्व उशिरा मिटला की आत घेतलेली हवा मागे फिरते आणि सर्व सिलिंडरांचा दाब जवळपास सारखाच उतरतो.

तपासाचा क्रम सोपा आहे. इंजिन प्रथम हाताने, पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावे. अडले तर जोर करू नये, वाल्व वाकतील. खुणा जुळतात का ते पाहावे. मग बॅटरी भरलेली, सर्व प्लग काढलेले, इंधन व करंट बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून गेज लावावा. थ्रॉटल मिटलेले किंवा बॅटरी कमजोर असली तर चांगले इंजिनही कमी दाखवते. एकच सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा. न चढला तर वाल्व वाकला असावा. शेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केट पाहावे.

आता दोन शब्द व्यवहाराचे. आपण गाडीवाले तपासाचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग मिस्त्रीला काम काढल्याशिवाय मजुरी सुटत नाही. तपासाची मजुरी वेगळी द्यावी. मिस्त्री बांधवांनीही चेनच्या कामाआधी व नंतर प्रत्येक सिलिंडरचा आकडा बिलावर लिहावा. खुणा चुकल्या असतील तर दुरुस्ती गॅरेजने करावी, रिंगा आधीच झिजलेल्या असतील तर खर्च मालकाचा. आकडा लिहिलेला असला की भांडण उरत नाही. आम्ही थान मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. इंजिनालाही तोच कायदा असावा.