साप पकडला, पुढे काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सबमिशनची घाई, जर्नल अर्धं कोरं, आणि बिल्डिंगखाली एकच ओरडा, "नाग! नाग!" जर्नल टाकून खाली धावलो. पाहतो तर मीटरच्या खोलीत सहाएक फुटांची धामण अंग चोरून बसलेली. बिनविषारी, उंदीर खाणारी. म्हणजे सोसायटीचा फुकटातला पेस्ट कंट्रोलच! सर्पमित्र आला, सफाईने तिला पिशवीत घातलं. टाळ्या पडल्या, फोटो झाले. मी विचारलं, "दादा, कुठे सोडणार?"

"येऊरला. जंगलात मस्त राहील."

सगळे खूश. रात्री मात्र डोक्यात किडा वळवळला. डोंबिवलीच्या धामणीला ठाण्याच्या येऊरमधलं काय माहीत?

आपल्याला वाटतं, साप जंगलातून वाट चुकून शहरात येतो. अहो, आपल्या कल्याण-डोंबिवलीत काल-परवापर्यंत भातशेती होती, एका अंगाला खाडी. साप इथलाच, पझेशन आपण नंतर घेतलं! बीळ कुठे, भक्ष्य कुठे, हे त्याला पाठ असतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रॅटलस्नेकना ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. लांब नेऊन सोडलेले साप तिथल्या मूळच्या सापांपेक्षा जास्त भटकले आणि जास्त मेलेही. धामण म्हणजे रॅटलस्नेक नव्हे, मान्य. पण ज्याला आपण जीवदान म्हणतो, ती हद्दपारी तर नाही ना, एवढा प्रश्न पडायला हरकत नाही.

"मग काय साप घरात पाळायचा?" अजिबात नाही! नाग, मण्यार, घोणस, फुरसं घरात निघालं तर जाणकार माणसानेच काढायला हवं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार यांत भलेभले फसतात, तेव्हा कॉलेजातल्या हिरोंनी काठी घेऊन पुढे होऊ नये. लांब उभं राहून नजर ठेवा, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. आणि साप नेणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: जवळपासच सुरक्षित जागा नाही का? वनखात्यात नोंद करणार ना? धामण काय, नाग काय, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाटलीत भरून मिरवायची ती वस्तू नाही.

शेवटी आपण इंजिनीअर (होणार, केटी सुटल्या तर!). फ्यूज उडाला की नुसता फ्यूज बदलून आपण थांबत नाही, शॉर्ट कुठे आहे ते शोधतो. साप हा उडालेला फ्यूज. शॉर्ट आहे जिन्याखालचं भंगार, उघडी पाइपांची तोंडं, कुंडीबाहेर सांडलेला कचरा आणि त्यावर पोसलेले उंदीर.

आमची धामण गेली. उंदीर आहेत तिथेच आहेत. आता त्यांच्या मागावर खरोखरचा नाग आला, तर टाळ्या कोण वाजवणार?