एकशे आठ आणि एक हजार आठ



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. धाकटा तिसरीत आहे. संध्याकाळी आरतीला जायच्या आधी त्याचा अभ्यास घेत होते. म्हटलं, "लिही, एकशे आठ." त्यानं झटकन लिहिलं, १००८.

"अरे, जपमाळेत मणी किती असतात?"

"एकशे आठ."

"मग हे काय लिहिलंस?"

"एकशे आठच आहे. मंदिराच्या पाटीवर असंच तर लिहिलंय!"

पाटीवर 'श्री १००८' असतं, आणि हा रोज येताजाता ते 'श्री एकशे आठ' असं वाचत होता. मुनिमहाराजांच्या नावाआधी १०८, तीर्थंकरांच्या नावाआधी १००८, हे आपल्याला पाठ. त्याला दोन्ही सारखेच. मला आरतीची घाई होती. मी त्याच्या हातावर फटका मारला आणि म्हणाले, "तिसरीत आलास तरी एवढं येत नाही?"

सासूबाई पूजेचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मारतेस कशाला? ऐकलं तसं लिहिलंय त्यानं. शंभराचे १०० आणि पुढं आठ."

खरंच की! पोरानं काही वेंधळेपणा केला नव्हता. कानांनी ऐकलं ते हातानं उतरवलं होतं. आणि गंमत म्हणजे चाचणीत 'स्थानिक किंमत लिहा' या प्रश्नाला त्याला पूर्ण गुण होते. ४३ मधल्या ४ ची स्थानिक किंमत ४०, हे तो झोपेतही सांगेल. पुढे शून्य लावायचं एवढी युक्ती त्याला जमली होती. ते शून्य का लावायचं, हे मात्र त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून आज माझं मत स्पष्ट लिहिते. स्थानिक किंमत सांगून कळत नाही, ती मुलांच्या हातून घडावी लागते. एकक, दशक, शतक अशी घरं आखून त्यात अंक भरायला लावणं हे शेवटचं काम आहे, आणि आपण सुरुवातच तिथून करतो.

आम्ही काय केलं ते सांगते. खराट्याचे हीर बोटाएवढे कापले. दहा हीर झाले की रबर लावून एक जुडी. दहा जुड्या झाल्या की मोठं रबर लावून एक भारा. बांधायचं काम त्याचंच, मी हात लावला नाही. मग म्हटलं, "एकशे आठ दे." त्यानं एक भारा ठेवला आणि आठ सुटे हीर ठेवले. "मधे सुट्या जुड्या किती?" "एकही नाही." "मग जुडीच्या जागी काय लिहायचं?" जरा थांबला आणि त्यानं शून्य लिहिलं. १०८. मग मी म्हटलं, "आता तू परवा लिहिलेलं १००८ मांड." तो भारे मोजायला लागला आणि ओरडलाच, "मम्मी, दहा भारे लागतील! एवढे हीर कुठून आणू?"

त्या दिवसापासून पाटी त्यानं चुकीची वाचलेली नाही.

काही जणी म्हणतील, हिरांपेक्षा पैसे बरे, दुकानात हिशोबही येतो. येतो, पण नंतर. दहाच्या नाण्यात आत दहा रुपये दिसत नाहीत. रुपयाचंही एक नाणं, दहाचंही एक नाणं. जुडी सोडली की दहा हीर डोळ्यांसमोर पडतात. वजाबाकीत 'हातचा घेतला' म्हणतो तेव्हा नेमकं हेच करायचं असतं, एक जुडी सोडायची. ज्यानं स्वतः जुडी सोडली आहे, त्याला हातचा म्हणजे जादू वाटत नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. आपण 'त्रेचाळीस' म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४. मूल ३४ लिहितं आणि आपण ओरडतो. 'एकोणतीस' तर आणखी कठीण. ऐकू येतं तीस, लिहायचे २९! माझं माहेर बेळगावकडचं. आमची अज्जी कानडीत 'इप्पत्तोंदु' म्हणायची, म्हणजे आधी वीस, मग एक. लिहितो त्याच क्रमानं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. तेव्हा त्यावरचे विनोद मीही पुढे पाठवले होते, आज त्याची लाज वाटते. आपली एकवीस-बावीस ही नावं सोडावीत असं मला वाटत नाही, ती आपली बोली आहे. पण मूल अडखळत असेल तर काही महिने 'त्रेचाळीस, म्हणजे चाळीस आणि तीन' असं दोन्ही म्हणायला काय हरकत आहे? त्यानं मराठी बुडत नाही.

आपल्याला तर हा विषय परका नसावा. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एक, दश, शत, सहस्र अशी चोवीस स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. पाठशाळेच्या कार्यक्रमात आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो. मग त्याच पाठशाळेत मुलांसमोर शंभर हीर आणि दहा रबरं ठेवायला काय लागतं?

आणि एक विनंती. 'आमचा शंभरपर्यंत म्हणतो' हे कौतुक थोडं आवरा. म्हणणं वेगळं आणि कळणं वेगळं. चुकलेलं उत्तर दिसलं की आधी विचारा, "असं का लिहिलंस?" बहुतेक वेळा त्यामागे कारण असतं. ते न ऐकता 'ढ' म्हटलं की मूल गणितालाच नव्हे, आपल्यालाही घाबरायला लागतं.

त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्या नातेवाइकांना फोन केले, शेजारी जाऊन आले. रात्री लक्षात आलं, ज्याच्या हातावर फटका मारला त्यालाच विसरले. अंथरुणात त्याला जवळ घेऊन 'उत्तम क्षमा' म्हटलं. तो म्हणाला, "कशाबद्दल?" तो विसरला होता. मी विसरू नये, म्हणून हे लिहून ठेवलं.