आपल्या दुधाला शोभणारी कॉफी

पुण्या-मुंबईच्या नव्या कॉफीघरांत सध्या हलक्या भाजलेल्या कॉफीचं प्रस्थ आहे. तिची चव आंबूस, फळांची आठवण करून देणारी, आणि ती दुधाशिवायच प्यावी असा आग्रह. तिकडे नोकरी करणारी आपली मुलं सुट्टीला येताना तसलीच पाकिटं आणतात. बारामतीच्या नाहीतर इंदापूरच्या घरात ती कॉफी होते, आई-वडील एक घोट घेतात आणि कप बाजूला ठेवतात. मुलांना वाटतं, गावाकडच्यांना कॉफी कळत नाही. हे मला अजिबात पटत नाही. इथलं पाणी, इथलं दूध आणि इथली साखर बघितली तर या दोन तालुक्यांची कॉफी डार्क रोस्टच असली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी भाजण्याविषयी. कॉफीचं कच्चं बी हिरवट असतं आणि त्याला कॉफीचा वास नसतो. उष्णता दीडशे अंशांच्या पुढे गेली की ते तपकिरी व्हायला लागतं. 196 अंश सेल्सिअसच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबानं दाणे तडतडतात. हा पहिला तडका. इथे किंवा इथून थोड्या वेळात थांबलं तर हलकी भाजलेली कॉफी मिळते. आणखी भाजत गेलं की 225 अंशांजवळ दुसरा, बारीक आवाजाचा तडका येतो, दाण्यांवर तेल दिसायला लागतं आणि रंग जवळजवळ काळा होतो. डार्क रोस्ट इथे सुरू होते. तोवर दाण्याचं वजन पंधरा-वीस टक्क्यांनी घटलेलं असतं.

मधल्या काळात आत काय घडतं, ते उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटत असताना गुळव्या डोळ्यांत तेल घालून उभा असतो. काहील वेळेत उतरली तर गूळ, जरा उशीर झाला तर काळा, कडवट माल. कॉफीच्या दाण्यातही साखर असते, अरेबिका जातीच्या बियांत वजनाच्या सहा ते नऊ टक्के. डार्क रोस्टमध्ये ती जवळजवळ सगळी मोडते आणि तिच्यातून जळत्या साखरेचा गोडसर-कडू वास तयार होतो. आंबटपणा देणारी आम्लंही मोडतात, धुराचा एक हलका वास येतो, तोंडात दाटपणा वाढतो. भाजणारा कुशल असेल तर ही कडू चव डार्क चॉकलेटसारखी स्वच्छ असते. नसेल तर तोंडात राखेची चव राहते. ही दुसरी कॉफी करपलेली असते. डार्क रोस्टला नावं ठेवणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यभर तीच प्यायलेली असते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कडू कॉफी म्हणजे जास्त झोप उडवणारी, असं नाही. भाजताना कॅफीन फारसं बदलत नाही. त्याचा फरक पडतो बियांच्या जातीनं: रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. निरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे वाहतो आहे. त्यानं ऊस दिला आणि त्याच्याबरोबर क्षारपड जमीनही दिली. बोअरच्या पाण्याची चव आणि भांड्यांवर बसणारा पांढरा थर इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. या जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. हलक्या कॉफीचं सगळं वैभव त्या आम्लातच असतं, त्यामुळे ती आपल्या पाण्यात निर्जीव होते. मुलांनी आणलेल्या महागड्या पाकिटाचं हेच होतं, यात पिणाऱ्यांचा काही दोष नाही. डार्क रोस्टजवळ गमवायला आम्ल मुळातच कमी असतं, म्हणून ती या पाण्यात टिकते. आरओच्या जारचं पाणी वापरणाऱ्यांची अडचण उलटी आहे. त्यात क्षार इतके कमी असतात की कॉफीचा अर्क नीट उतरत नाही. दोन्ही पाणी मिसळून बघा, फरक लगेच कळेल.

मग दूध. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर रांग लावणाऱ्या, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा भाव तोंडपाठ असणाऱ्या माणसाला कॉफी दुधाशिवाय पी म्हणणं मला असभ्य वाटतं. दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या तुरट-कडू घटकांना धरून ठेवतं. म्हणून दूध पडलं की डार्क रोस्टची धार बोथट होते आणि चॉकलेटसारखा भाग वर येतो. हलकी कॉफी मात्र दुधात बुडून जाते. वर दूध जरा शिळं असेल तर तिच्या आम्लानं ते फाटतं. साखरेचंही तसंच. डार्क रोस्टनं भाजताना जो गोडवा गमावला, तो अर्ध्या चमच्यानं परत येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात राहून साखरेची लाज का बाळगायची? फक्त तीन चमचे नकोत, तेवढ्यानं कॉफी संपते आणि सरबत उरतं.

मराठी घरातली जायफळाची कॉफीही याच कुळातली आहे. दूध जास्त, कॉफी कडक, वर चिमूटभर किसलेलं जायफळ आणि वेलदोडा. चांगल्या डार्क रोस्टवर जायफळ जसं खुलतं, तसं दुसऱ्या कुठल्याही कॉफीवर खुलत नाही.

डार्क रोस्ट ही अडाण्यांची आवड आहे असं मानणाऱ्यांनी अल्फ्रेड पीट यांचं नाव लक्षात ठेवावं. नेदरलँड्समधल्या अल्कमारच्या कॉफी व्यापाऱ्याचा हा मुलगा. त्यानं 1966 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत दुकान काढलं आणि पचपचीत कॉफीला सरावलेल्या अमेरिकेला गडद भाजलेली, ताजी कॉफी पाजली. 1971 मध्ये सिएटलला सुरू झालेल्या स्टारबक्सनं सुरुवातीला बिया पीटकडूनच घेतल्या. आज जगभर पसरलेल्या कॉफीघरांची मुळं अशी डार्क रोस्टमध्ये आहेत.

आपल्याकडची खरी अडचण चिकोरीची आहे. चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्याची लागवड गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. ती रंग देते, दाटपणा देते, कॅफीन देत नाही. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे जवळजवळ अर्धं पाकीट चिकोरीचं असलं तरी ते कायदेशीर आहे. वीस टक्क्यांपर्यंतची चिकोरी फिल्टर कॉफीत शोभते, त्यापलीकडची मला मान्य नाही. पाकीट उलटं करून वाचा.

करायची कशी? दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर पुरेसा आहे. वरच्या भांड्यात तीन भरलेले चमचे पूड घ्या, हलकी दाबा. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, कारण डार्क रोस्टचे दाणे भाजून सच्छिद्र झालेले असतात आणि खळखळत्या पाण्यात त्यांचा कडवटपणा आधी उतरतो. दहा-पंधरा मिनिटांत दाट डिकॉक्शन खाली जमतं. त्यात गरम दूध घाला, पण दोन्ही एकत्र उकळू नका. चहाची सवय असलेल्या घरात हे सर्वांत अवघड जातं. हात आपोआप पातेलं पुन्हा गॅसवर ठेवतो, आणि चांगली भाजलेली कॉफी घरी येऊन करपते.

साठवणीकडे आपल्या भागात जास्तच लक्ष हवं. डार्क रोस्टचं तेल बाहेर आलेलं असतं आणि ते हवेत खवट होतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही क्रिया आणखी वेगानं होते. किलोचा डबा भरून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. पावशेर आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

बारामती-इंदापुरात कॉफीची दुकानं चालवणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. तुमच्या फलकावर भावाच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: बी कुठलं, भाजलं कोणत्या तारखेला आणि चिकोरी किती. दूध डेअरीवर मोजून घेणारं आपलं गिऱ्हाईक कॉफीही मोजून घेईल. आणि वाचकांनो, फलकावर हे लिहिलेलं नसेल तर पैसे देण्याआधी विचारा.